रामाचा मोह

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय गा, कशी झाली सायकलची सहल? मी सांगायला लागतो. कन्हानचा पूल येतो, रामटेक येतं, डोंगर येतो, आणि मग तिथेच माझी जीभ अडते. समोरचा म्हणतो, पुढं? मी म्हणतो, पुढं काय, परत आलो. म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत बसत नाही, हे एक बरं.

तुमच्यापैकी पुष्कळजण त्या बाजूला गेले नसतील. रस्ता सुंदर आहे, जरूर जा. गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. त्या गावाला आमच्यासारखे पाहुणे एकदा झाले तेवढे पुरे.

नागपूर ते रामटेक

आम्ही दोघं होतो. दिनू म्हणजे दिनकर, शाळेपासूनचा दोस्त, महालात राहतो. मी गोळीबार चौकाच्या मागे राहतो. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्या गल्लीत घरोघरी माग चालायचे, आता वडील गांधीबागेत दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजतात. परीक्षा आटोपली होती, रामनवमी नुकतीच होऊन गेली होती आणि ऊन असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

दिनूचे एक काका जंगल खात्यात होते. त्यांनी सांगितलं होतं की रामटेकच्या पुढे, जबलपूर रोडनं जाऊन डांबर सोडलं की एक जुनी गाडीवाट डोंगरावर चढते. पूर्वी सागाची लाकडं उतरवायला केलेली. वरून नदीचं वळण दिसते, आणि उतरताना सायकल पायडल न मारता पार खालपर्यंत येते. एवढं ऐकलं आणि दिनू पेटला. मी तर आधीच पेटलेला असतो.

माझी आई म्हणाली, "भैताड झाले का गा? एप्रिलात डोंगरावर जाऊन राहिले, अन् तेही सायकलीनं?" पण बोलता बोलता तिनं पुऱ्या तळल्या, कैरीचं लोणचं बांधलं आणि दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून. आई उमरेडची. निघताना म्हणाली, "तिकडे जंगलात मोहं गळून राहिले असतील आता. आम्ही लहानपणी मोहाच्या पुऱ्या खायचो. तुमच्या नागपुरात कोण आणते." ते तिनं सहज म्हटलं. मी ते डोक्यात धरलं.

सायकली म्हणजे काय विचारता. दिनूची त्याच्या बाबांची, काळी, वजनदार, रोज कचेरीत जाणारी. माझी दादाची, तिचा मागचा ब्रेक फक्त नावाला होता. पहाटे निघालो. कामठी येईपर्यंत गाणी म्हणत होतो. कन्हानच्या पुलावर वाऱ्यानं दिनूची टोपी उडाली आणि नदीत गेली. नदी कुठली, खाली नुसती रेती आणि रेतीत टरबुजाच्या वाड्या. टोपी आणायला खाली उतरलो तर वाडीवाल्यानं टोपी दिली आणि एक टरबूज बुक्की मारून फोडून हातात दिलं. इतवारीच्या बाजारात कोणी असं देतं का पाहा.

रामटेकला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. धर्मशाळेत अंग टाकलं, उन्हं उतरल्यावर गडावर गेलो. तिथे पायरीवर बसून पुऱ्यांचं पुडकं सोडलं आणि एका वानरानं ते असं उचललं की जसं काही आम्ही त्याच्याचसाठी नागपूरहून आणलं होतं. दिनू चप्पल घेऊन धावला. पायरीवर नारळ विकणारा बुवा म्हणाला, "राहू द्या, बाप्पा. रामाचे वानरं हायेत."

"अन् पुऱ्या आमच्या होत्या ना," दिनू म्हणाला.

"इथं आल्यावर कायच्या तुमच्या? डोंगर रामाचा, तलाव रामाचा, झाडं रामाचे. सगळं रामाचंच."

मी म्हटलं, "सायकल तेवढी आमची राहू द्या म्हणजे झालं."

तो बुवा भल्ला हसला. आम्ही तो डायलॉग धरूनच बसलो. अंबाळा तलावात पाय सोडले, रामाचं पाणी. हॉटेलात भजी खाल्ली, रामाची भजी. पानाच्या मळ्याजवळ पान खाल्लं, ते तर रामाचं होतंच. त्या संध्याकाळी एवढे हसलो की पोट दुखलं. त्या हसण्याचं पुढं काय झालं ते आता येतेच.

मोहाखाली

दुसऱ्या दिवशी जबलपूर रोडनं पुढे गेलो. ट्रकवाले भोंगे वाजवत होते, मनसरच्या मँगनीजची काळी धूळ दातात कचकचत होती. रात्री डोंगराच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीच्या बाकड्यांवर झोपलो आणि तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच डांबर सोडलं.

त्या वाटेचं काय सांगू. सागाला एक पान नव्हतं, नुसत्या काड्या उभ्या. आणि त्यात मधूनच एखादं कुसुमाचं झाड, नव्या पालवीनं असं लालभडक की लांबून वाटावं कोणी लुगडं वाळत घातलं आहे. पळसाची फुलं झडून वाटेवर सुकली होती, चाकाखाली चुरचुर वाजत होती. चढावर सायकल चालवायची म्हणजे उभं राहून पायडल मारायचं, पन्नास हात गेलं की उतरायचं, ढकलायचं, परत बसायचं. छातीचा भाता झाला होता. पण हवा थंड होती आणि पाखरं इतकी बोलत होती की आम्ही गप्प झालो. दिनू गप्प झाला हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग वास आला. गोड, जड, गुळाच्या पाकासारखा. वळणावर एक प्रचंड झाड, आणि त्याच्याखालची जमीन पूर्ण स्वच्छ. पालापाचोळा नाही, गवत नाही, जाळून झाडून काळी केलेली. त्या काळ्या जमिनीवर पिवळी, टपोरी, ओली फुलं. अजून वरून टप टप पडत होती. एक माझ्या डोक्यावर पडलं.

"मोहं," मी म्हटलं. "दिन्या, हे मोहं व्हय. माझी माय म्हणत होती ते."

एक तोंडात टाकलं. गोड, रसाळ, मागून थोडं उग्र. दोघांनी मूठ मूठ खाल्ली. आता विचार करतो तर काळी जमीन डोळ्यापुढे येते. जंगलात एवढी जमीन आपोआप स्वच्छ होते का? कोणीतरी पाचोळा जाळला होता, कोणीतरी झाडलं होतं, फुलं मातीत जाऊ नयेत म्हणून. म्हणजे कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणातच उभं राहून आम्ही म्हणत होतो, वा, निसर्ग काय सुंदर आहे.

तरी आम्ही विचारलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे. खालच्या उतारावर एक म्हातारा बकऱ्या चारून राहिला होता. मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "बाबाजी, हा मोह कोणाचा हाये?"

तो मान वर करून म्हणाला, "रामाचा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि जे हसत सुटलो ते थांबेचना. इथपर्यंत रामाचंच, बुवा खरं बोलला होता. दिनूनं झाडाला हात जोडले, "जय श्रीराम, घेतो बाप्पा थोडे." म्हातारा बकऱ्यांमागे निघून गेला. मी कॅरिअरची कापडी पिशवी सोडली आणि आम्ही वेचायला बसलो. शर्यतच लावली. पिशवी भरली, मग दिनूचा टॉवेल पसरला, त्याचं गाठोडं केलं. वाकून वाकून कंबर गेली तेव्हाच उठलो. पाहिलं तर जमीन नुसती काळी उरली होती, आणि मला त्याचाही अभिमान वाटला, की बघा, किती सफाईनं वेचले.

वर पोचलो. नदी खरंच दिसली, उन्हात चकाकणारी, मधे वाळूची बेटं, पलीकडे निळे डोंगर एकामागे एक. दिनूनं टोपी काढून ओवाळली, कोणाला ते त्यालाच माहीत. उतारावर मात्र काकांचं म्हणणं जास्तच खरं ठरलं. पायडल मारायची गरज नव्हती, थांबायची सोय नव्हती. माझा पुढचा ब्रेकही गेला. मी चपला घासत घासत, ओरडत, एका झुडपात जाऊन थांबलो. गुडघा फुटला. मोहाची पिशवी मात्र मी पोटाशी धरली होती, तिला काही झालं नाही.

वस्तीवर

पाणी संपलं होतं, उपाशीपोटी खाल्लेल्या मोहानं डोकं जड झालं होतं आणि वाट चुकलो होतो. दुपारी एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, पोचलो. गोंडांची दहा-बारा घरं, लालसर सारवलेल्या भिंती, दारात मांडवाची सावली. पहिल्याच अंगणात एक बाई उभी होती, चाळिशीची, उंच. तिनं आमच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आत गेली आणि लोटा घेऊन आली. आम्ही लोट्यानं पाणी प्यालो, डोक्यावर ओतलं.

"बसा," म्हणाली. "एवढ्या उन्हात काहून फिरून राहिले?"

"नागपूरहून आलो, बाई. सहल आहे," दिनू म्हणाला.

"सहल म्हणजे?"

"म्हणजे असंच. पाहायला."

"काय पाहायला?"

दिनूनं रिकामा लोटा तिच्या हातात दिला. ती आत गेली आणि दोन वाडगे पेज घेऊन आली, थंडगार, थोडी आंबूस, सोबत कांदा आणि जवसाची चटणी. आपल्याकडे पाहुणा आला की आधी चहा, मग 'जेवूनच जा', 'नाही नाही', 'असं कसं', हा खेळ चालतो. तिथे तसलं काही नाही. आधी पाणी, मग जेवण, मग नाव. तिचं नाव फुलवंता. नवरा आणि दीर दोघंही मँगनीजच्या खाणीवर होते, आठवड्याच्या सुट्टीला येत.

आम्ही जेवत होतो तेव्हा अंगणाच्या मधोमध एक दुसरी बाई, तरुण, पोर पाठीशी बांधलेलं, बाभळीच्या काट्या ओढून आणत होती आणि एका रेघेत टाकत होती. दोन घरं, एक अंगण, आणि मधून ती काट्यांची ओळ. टाकताना तोंडानं बोलत होती, अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या बोलीत. शेजारच्या दारांतून बाया उभ्या होत्या. मला 'चोट्टी' तेवढा शब्द कळला.

दिनू हळूच म्हणाला, "नळावरचं भांडण इथंही आहे गा." आम्ही हसलो. वाडग्यात तोंड घालून हसलो.

पेज पिऊन जिवात जीव आला आणि मला उपकार फेडायची घाई झाली. मी अशा बाबतीत थांबत नाही. पिशवी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "बाई, हे तुम्हाला. आमच्याकडून."

तिनं पिशवीचं तोंड उघडलं. हात आत घालून फुलं वर-खाली केली. "कुठून आणले?"

"जंगलातून. वाटेत मिळाले."

"कोणत्या वाटेनं आले तुम्ही?"

मी हात हलवला, तिकडून. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली, मग काही न बोलता सूप आणलं आणि फुलं सुपात ओतली. पिशवीत कोंबली तर सडतात, म्हणाली. सूप उन्हात ठेवलं.

मग मी, माझ्यासारखाच शहाणा, चौकशी करायला लागलो. "ती बाई काहून चिडली?"

"जाऊ हाये माझी. सगुना. म्हणते, मी तिचे मोहं वेचले. माझा मोह या वर्षी आला नाही, वठून राहिला. तिचा आला. रोज संगं जातो आम्ही, ती मले टोपली देते. आज पोराले ताप होता तिच्या, उशिरा गेली, त एक फूल नाही खाली. म्हणते, तूच पहाटी गेली अन् नेले. आता पंचायले बोलावतो म्हणते."

"तिचं झाड कोणतं?"

"वरच्या वळणावरचा. रामाचा मोह."

दिनूचा हात वाडग्यातच राहिला.

"कोणत्या रामाचा?" मी विचारलं.

"कोणत्या म्हणजे?" ती म्हणाली. "माझा देर. सगुनाचा नवरा. रामा."

मला वाटते, तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तेवढ्यात सगुना काट्यांजवळ आली, तिची नजर सुपावर गेली. उन्हात ती ओली पिवळी फुलं अशी चमकत होती की लपवायला जागा नव्हती.

"पाहा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "सगळे पाहा. सुपात ठेवून राहिली, अन् म्हणते मी नाही."

बाया दारांतून अंगणात आल्या.

"मले या पाव्हण्यायनं देल्ले," फुलवंता म्हणाली.

"पाव्हणे नागपूरचे. नागपुरात मोहं गळते का वं?" सगुना म्हणाली.

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आणि दिनू, ज्याच्या तोंडून शाळेत कधी खोटं निघालं नव्हतं, म्हणाला, "वाटेत एका बाईजवळून घेतले आम्ही."

"कशी होती बाई?"

दिनू गप्प. मीही गप्प. आता ऐका, आमच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ काय झाला ते. सगुना फुलवंताकडे वळली आणि म्हणाली, "पाहिलं? विकून राहिली होती. अन् आता पेज पाजून मोहं वापस घेतले."

एका बाईनं आम्हाला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि आमच्याच भेटीनं ती अख्ख्या टोल्यापुढे चोर ठरून राहिली होती. दोन शब्द बोलायचे होते, ते आमच्या दोघांजवळच होते. फुलवंता सगुनाकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

दिनूनं माझी बाही ओढली. "चाल. त्यायच्या घरचं भांडण आहे. आपण निघू." आणि मी उठलो. होय, उठलो. सायकलीचं स्टँड काढलं, टाच मारली. रस्ता सगुनाच्या अंगणातून होता, घाईत आम्ही खाली पाहिलंच नाही आणि दोघंही सरळ त्या काट्यांवरून गेलो. दिनूचं पुढचं चाक फुस्स झालं. माझी दोन्ही गेली. टोल्यात इतकी शांतता होती की हवा शेवटपर्यंत जाताना ऐकू आली.

कोणी हसलं नाही. मी सायकल तशीच खाली टाकली आणि वळलो.

"बाई, आम्ही वेचले," मी म्हटलं. सगुनाला म्हटलं, पण आवाज असा निघाला की कोणालाच नीट गेला नाही. ती म्हणाली, "काय?"

"आम्ही वेचले ते मोहं. वरच्या वळणावर. कोणाजवळून घेतले नाही. यायनं नाही वेचले, आम्हीच वेचले. टॉवेलमधे अजून आहेत."

दिनूनं गाठोडं सोडलं. तो रडायच्या बेतात होता.

"दुसऱ्याच्या झाडाखालचे?" सगुना म्हणाली. "झाडलेलं दिसलं नाही?"

"विचारलं होतं आम्ही. एका बाबाजीले विचारलं."

आणि नेमका तेवढ्यात तो म्हातारा बकऱ्या घेऊन वाटेनं आला. आम्हाला पाहून ओळखीचा हसला. तो फुलवंताचा आणि सगुनाचा सासरा होता. झालेलं त्याला सांगितलं तर म्हणाला, "हो गा, इचारलं यायनं. मी सांगतलं ना, रामाचा हाये म्हणून."

"मग?" सगुनानं आम्हाला विचारलं. "रामाचा म्हणून सांगतलं, तरी वेचले?"

मी खाली पाहत म्हटलं, "आम्हाले वाटलं रामाचा म्हणजे... देवाचा. रामटेकवरून येऊन राहिलो होतो. तिथं सगळे म्हणत होते, सगळं रामाचंच आहे."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला, मग दुसरी, मग सगळा टोला हसायला लागला. म्हातारा तर काठीवर वाकून हसला. "माझ्या पोराले देव करून टाकलं गा यायनं. देव खाणीत टोपले उचलून राहिला." सगुनाही हसली. पाठीवरचं पोर जागं झालं आणि रडायला लागलं, तरी ती हसत होती.

फुलवंता हसली नाही.

सगुनाच्या ते ध्यानात आलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. ती खाली वाकली आणि काट्या उचलायला लागली. "हे काढतो मी, बाई." थोरल्या जावेला ती बाई म्हणायची.

"राहू दे," फुलवंता म्हणाली.

"आता काहून? झालं ना माहीत."

"तुले माहीत झालं. मले त पहिलेच माहीत होतं की मी नाही वेचले." तिनं सूप उचललं, काट्यांवरून हात लांब करून सगुनाच्या बाजूला ठेवलं. "तुहे मोहं."

संध्याकाळी मी पंक्चर काढत बसलो होतो. सोल्युशनची ट्यूब उन्हानं आटली होती, रबर चिकटत नव्हतं, म्हाताऱ्यानं सालईच्या झाडाचा डिंक आणून दिला. फुलवंता चुलीशी होती. आम्हाला परत जेवू घातलं, लाखोळीची डाळ आणि भात. मी म्हटलं, "बाई, माफ करा."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हात हलवला ना, तिकडून आलो म्हणून. तवाच."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"म्हटलं पाहू, बोलतात का."

दिनू भिंतीकडे तोंड करून जेवत होता. डाळ चांगली होती, हे मला आता लिहिताना आठवून राहिलं आहे.

परत

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. अजून नीट उजाडलं नव्हतं. सगुना काट्यांच्या पलीकडे येऊन उभी राहिली, हातात एकात एक घातलेल्या दोन टोपल्या.

"चालतं का वं, बाई?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मग फुलवंताचा आवाज आला, "तू हो पुढं."

आपल्याकडे 'तू हो पुढं' म्हणजे मी आलोच. माझी आई शेजारच्या काकूला असंच म्हणते आणि पाच मिनिटांत चप्पल घालून निघते. सगुना तेच समजली असावी. ती गेली. मी उगीच हवा तपासत राहिलो, साखळी पुसली, दिनूनं टॉवेल झटकला, परत बांधला. खरं म्हणजे आम्हाला पाहायचं होतं. फुलवंता बाहेर आली, बकरीच्या पिलाला पाणी ठेवलं, आत गेली. परत आली, अंगण झाडलं, काट्यांपर्यंत झाडलं आणि तिथून वळली. आम्ही 'येतो, बाई' म्हटलं तर तिनं मान हलवली. टोपली घेऊन ती निघाली नाही.

सायकली ढकलत वर चढलो. वळणावर आलो तर मोहाखाली सगुना एकटी वाकून वेचत होती. पोर फडक्यात घालून फांदीला टांगलं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, एका बाजूची जमीन काळी झाली होती, वेचून झालेली. दुसरी बाजू तशीच पिवळी होती, एकही फूल उचललेलं नव्हतं. रिकामी टोपली त्या बाजूला ठेवलेली होती. म्हातारा काठी आडवी धरून बकऱ्यांना तिकडे येऊ देत नव्हता.

वाट नेमकी त्या पिवळ्या बाजूनं जात होती. दिनूनं सायकल त्या अंगाला वळवली.

"तिकडून नोका जाऊ," सगुना म्हणाली. मान वर केली नाही. "ते बाईचं हाये. येइन ती."

ऊन झाडावरून उतरत उतरत त्या फुलांपर्यंत आलं होतं. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या आणि झुडपांतून, काटे लागत होते तरी, लांबचा वळसा घालून गेलो.